देऊळ उघडण्यापूर्वी

पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले झाले, त्याची हकीगत सांगताना आपण नेहमी साने गुरुजींच्या उपोषणापाशी येऊन थांबतो. १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, त्यांनी ते सोडले. उपोषण दहा दिवसांचे. पण त्याच्या पाठीशी कित्येक महिन्यांचे बोलणे उभे होते, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे एकत्र बसली असता त्या बोलण्याचीच गोष्ट काढावी असे वाटते.

आम्हां माढेकरांना पंढरपूर परके नाही. आमच्याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून, मोडनिंबावरून पंढरीला जाणारी बार्शी लाईटची छोटी गाडी १९०६ साली सुरू झाली. वारीच्या दिवसांत डब्यातल्या गर्दीत कोणाचा स्पर्श टाळणार? पण महाद्वाराशी पोचताच वाटा फुटत. काहींनी आत जायचे आणि काहींनी चोखोबांच्या समाधीपाशीच हात जोडायचे. मंगळवेढ्याला कूस कोसळून चोखोबा गेले ते १३३८ साली. तेव्हापासून सहा शतके त्यांचे अभंग साऱ्यांनी गायिले. पण अभंग म्हणणाऱ्याला दाराबाहेर का उभे केले, हे चारचौघांत विचारायला मात्र जीभ वळत नव्हती. गाणे होते, बोलणे नव्हते.

गुरुजींचा विचार १९४६ च्या अखेरीसच उपोषणाला बसण्याचा होता. सहकाऱ्यांनी त्यांना थोपवले; आधी लोकांना समजावू या, म्हणाले. मग गुरुजी आणि त्यांच्याबरोबर सेवा दलाची तरुण मंडळी महाराष्ट्रभर हिंडली. गुरुजींनी ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना उपदेश केला नाही. ज्यांनी दार लावून घेतले होते, त्या आपल्याच माणसांपुढे ते उभे राहिले. ठिकठिकाणी गावची देवळे आणि विहिरी खुल्या झाल्या. विरोधही कडवा झाला. चुकीची माहिती कानी गेल्यामुळे खुद्द गांधीजींनी उपोषण सोडण्याविषयी तार केली, तेव्हा गुरुजींनी नम्रपणे नकार कळवला. ज्याला पूज्य मानायचे त्यालाही आपले खरे सांगायचे, हा त्या बोलण्यातला कस होता.

परंतु, वाचकहो, ही गोष्ट एवढ्यावर संपवली तर ती अर्धीच सांगितली असे होईल. दाराबाहेरच्या माणसाचे काय म्हणणे होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. दार काही उघडले नाही. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. म्हणजे पंढरीचे दार उघडले, तेव्हा ज्यांच्यासाठी उघडले त्यांतल्या अनेकांची मागणी पुढे गेली होती. त्यांना देवदर्शनाआधी माणूस म्हणून बरोबरी हवी होती. दार उघडणाऱ्याला हे ऐकणे जड जाते. ‘एवढे केले, तरी समाधान नाही?’ असे ओठांवर येते. खऱ्या बोलण्याची कसोटी तिथेच लागते.

ती कसोटी भल्याभल्यांना उतरता आलेली नाही. जातिभेद मोडण्यासाठीच स्थापन झालेल्या लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ च्या परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. भाषण छापून हाती आले तेव्हा मंडळी बिचकली आणि काही मजकूर गाळावा असे सुचवू लागली. बाबासाहेबांनी फेरफार नाकारला. परिषदच रद्द झाली. न झालेले ते भाषण त्यांनी स्वतः प्रसिद्ध केले आणि आज ते जगभर वाचले जाते. पाहुण्याला बोलावायचे आणि त्याने काय बोलावे हेही आपणच ठरवायचे, याला चर्चा म्हणत नाहीत.

मग बोलावे तरी कसे? १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास डॉ. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ उभी केली, तिच्यात याचे उत्तर सापडते. गावात शिवाशीव आहे का, असे विचारले की सगळेच ‘छे छे’ म्हणतात. संविधानाच्या १७ व्या कलमाने ती १९५० सालीच रद्द झाली, असेही कोणी ऐकवतो. पण कोण कोणत्या विहिरीवर पाणी भरते, असे विचारले की मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. मतांमागे लपता येते, विहिरीमागे लपता येत नाही. आम्हां शिक्षकांना वर्गातही हाच अनुभव येतो. समतेवर निबंध सारीच मुले सुरेख लिहितात. पण कोण कोणाच्या घरी जेवायला गेला, असे विचारले की वर्ग गप्प होतो. अशा वेळी एखाद्या पोराला उभे करून त्याचे दुःख सर्वांपुढे वदवून घेणे हा मात्र अन्यायच. बोलणे त्याच्या मर्जीवर. आपल्या घरचे रिवाज सांगण्याची पाळी इतरांची.

पंढरपूरचे दार उघडायला दहा दिवस लागले, असे आपण म्हणतो. सहा शतके न बोलल्याचा हिशेब त्यात धरलेला नाही. आज आपल्या घरी फराळाचे ताट कोणाकडे जाते आणि कोणाकडून आपण ते घेतो, एवढा एकच प्रश्न या दिवाळीत घरातल्या घरात विचारून पाहावा. आणि उत्तर येईपर्यंत विषय बदलू नये.