पहिल्यांदाच म्हणजे कितव्यांदा?

गेल्या विकांताला घरातली पुस्तकं लावायला काढली. बायको म्हणाली, "उंचीप्रमाणे लाव, बरं दिसतं." आता मी पडलो इंजिनियर. उंची हा काय इंडेक्स झाला? म्हणून लायब्ररीवाले वापरतात ती ड्यूई दशांश पद्धत नक्की काय असते ते बघायला जालावर गेलो. पुस्तकं अजून जमिनीवरच आहेत. मी मात्र मेल्व्हिल ड्यूईवरून त्याच्या मुलावर, मुलावरून नातीवर आणि नातीवरून थेट बर्फाच्या घसरगुंडीवर जाऊन पोचलो.

तर मंडळी, आजचा विषय बॉबस्ले. त्यातही बायकांचं बॉबस्ले.

आधी खेळ समजून घेऊ. बर्फाची, वळणावळणाची, दीडेक किलोमीटर लांब पन्हळ. त्यात एक जड गाडी. खेळाडू ती गाडी सुरुवातीला साधारण ५० मीटर जीव खाऊन ढकलत पळतात आणि धावत्या गाडीत उड्या मारतात. पुढे बसते ती पायलट. तिच्या हातात दोन दोऱ्या, त्यावर सगळं सुकाणू. मागे बसते ती ब्रेकमन. (हो, बाई असली तरी 'ब्रेकमन'च म्हणायची पद्धत. व्हेरिएबलचं नाव एकदा चुकीचं पडलं की कोणी बदलत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.) या ब्रेकमनचं काम गाडी ढकलायचं, आत बसायचं, मान खाली घालायची आणि शेवटची रेषा ओलांडली की ब्रेक ओढायचा. मधला जवळजवळ मिनिटभर ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगानं तिला काहीही दिसत नाही. पूर्ण विश्वास पुढच्या बाईवर.

आता मूळ मुद्द्याकडे. मेल्व्हिल ड्यूईनं न्यूयॉर्क राज्यात लेक प्लॅसिडला एक क्लब काढला होता. त्याचा मुलगा गॉडफ्री ड्यूई यानं खटपट करून १९३२ चं हिवाळी ऑलिंपिक त्या एवढ्याशा गावात आणलं. त्यासाठी माउंट व्हॅन होव्हनबर्ग नावाच्या डोंगरावर बॉबस्लेचा ट्रॅक बांधला. आणि गॉडफ्रीची मुलगी कॅथरिन याच डोंगरावर गाडी चालवायला शिकली. १९४० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत चार जणांच्या गाडीची पायलट म्हणून ती उतरली आणि जिंकली. पुरुषांच्या गाड्यांना हरवून जिंकली, कारण बायकांची वेगळी स्पर्धा नव्हतीच.

मग काय झालं? सत्कार? छे. त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धेची दारं बायकांना बंद झाली.

मला इथे थांबावंसं वाटलं. "बायकांना जमत नाही" म्हणून बंदी घातली असती तर निदान त्यात काही तर्क तरी होता, चुकीचा का असेना. इथे टेस्ट पास झाली आणि मग फीचर काढून टाकलं!

आणखी मागे गेलं तर गंमत वाढते. हा खेळ जन्मला स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, हिवाळ्यात हॉटेलात राहायला येणाऱ्या पाहुण्यांच्या करमणुकीतून. तिथल्या सुरुवातीच्या शर्यतींत पाच जणांच्या गाडीत दोन बायका असाव्यात असा नियम होता! म्हणजे बायका या खेळात नंतर आल्या असं नाही. त्या पहिल्यापासून होत्या. मग खेळ 'गंभीर' झाला, १९२४ ला ऑलिंपिकमध्ये गेला, आणि बायका बाहेर. कारण नेहमीचंच. धोका आहे म्हणे. धोका तर पुरुषांनाही होता, पण त्यांची काळजी करायला कोणाला वेळ नव्हता.

ऑलिंपिकमध्ये बायकांची गाडी यायला २००२ उजाडलं. पुरुषांच्या नंतर ७८ वर्षांनी. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा त्याच्या फक्त दोनच वर्षं आधीची, २००० ची.

सॉल्ट लेक सिटीची ती पहिली शर्यत, १९ फेब्रुवारी २००२, सविस्तर सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या दोन गाड्या होत्या. पहिल्या गाडीची पायलट जीन रॅसीन. आधीच्या दोन मोसमांची वर्ल्ड कप विजेती, पोस्टरवरचा चेहरा, सुवर्णाची दावेदार. तिच्या मागे बरीच वर्षं जेन डेव्हिडसन बसत असे. दोघी जिवलग मैत्रिणी. पण डिसेंबर २००१ मध्ये, ऑलिंपिकला दोन-अडीच महिने असताना, रॅसीननं तिला काढलं आणि जास्त जोरात ढकलणारी जिया जॉन्सन घेतली. आपल्या भाषेत, गो-लाइव्हच्या तोंडावर रिसोर्स बदलला. अमेरिकन पेपरांतून त्यावर बरंच रामायण झालं.

दुसऱ्या गाडीची पायलट जिल बॅकन. तिच्या मागे व्होनेटा फ्लॉवर्स. ही अलाबामातल्या बर्मिंगहॅमची, जिथे बर्फाचं अप्रूप आपल्याइतकंच. मूळची धावपटू आणि लांब उडीवाली. १९९६ आणि २००० अशा दोन वेळा उन्हाळी ऑलिंपिकच्या निवड चाचणीत ती मागे राहिली. २००० च्या चाचणीच्याच ठिकाणी तिच्या नवऱ्याला एक पत्रक दिसलं : धावपटूंनो, बॉबस्ले करून बघा. तिनं करून बघितलं. पहिल्या मोसमात एका पायलटबरोबर चांगली कामगिरी केली आणि मग तिलाही काढून टाकलं गेलं! मग बॅकनकडे जागा मिळाली.

आणि शर्यतीच्या काही दिवस आधी रॅसीनच्या जॉन्सनचा मांडीचा स्नायू दुखावला. रॅसीननं फ्लॉवर्सला विचारलं, माझ्या गाडीत येतेस का? म्हणजे सुवर्णाची दावेदार गाडी स्वतःहून दारात आली होती. फ्लॉवर्स नाही म्हणाली. बॅकनबरोबरच राहीन म्हणाली.

निकाल : बॅकन-फ्लॉवर्स, दोन फेऱ्या मिळून १ मिनिट ३७.७६ सेकंद, सुवर्ण. दोन्ही जर्मन गाड्या त्यांच्या मागे, त्यातली पहिली ०.३० सेकंदांनी. रॅसीन आणि दुखऱ्या पायाची जॉन्सन पाचव्या. आणि व्होनेटा फ्लॉवर्स हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. स्त्री-पुरुष दोन्ही धरून पहिली.

यातून "निष्ठेचं फळ गोड" असं तात्पर्य काढायचा मोह होतो. मी काढणार नाही. निष्ठेला तीन दशांश सेकंद समजत नाहीत, आणि रॅसीनचा हिशोब त्या खेळाच्या रिवाजाला धरूनच होता. पण जिला स्वतःला एकदा काढून टाकलं होतं, तिनं दुसरीला सोडलं नाही, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं. आमच्याकडे एका प्रोजेक्टवर असंच बोलावणं मला आलं होतं. मी गेलो होतो. असो.

पुढची गोष्ट भराभर. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं चार जणांची मोठी गाडी बायकांसाठी खुली केली. कॅनडाची केली हम्फ्रीज (२०१० आणि २०१४ ची ऑलिंपिक विजेती) आणि अमेरिकेची एलाना मायर्स टेलर पुरुषांच्या शर्यतीत पायलट म्हणून उतरल्या. ९ जानेवारी २०१६ ला हम्फ्रीजनं चारही बायका असलेली गाडी वर्ल्ड कपमध्ये उतरवली. शेवटचा नंबर आला. पण ही शर्यत कुठे झाली माहितेय? लेक प्लॅसिड. तोच माउंट व्हॅन होव्हनबर्ग. ट्रॅक नवा, डोंगर तोच.

बातम्यांत या सगळ्याला 'पहिल्यांदाच' म्हटलं होतं. चारही बायका, तेही वर्ल्ड कपमध्ये, हे पहिल्यांदा, कबूल. पण बाई मोठी गाडी चालवतेय, समोर पुरुषांच्या गाड्या आहेत, हे त्या डोंगरानं ७६ वर्षांपूर्वी पाहिलं होतं. आणि कॅथरिन पहिली आली होती.

मधल्या ७६ वर्षांत किती कॅथरिन घरी बसल्या असतील त्याची नोंद कुठल्याच निकालपत्रकात सापडत नाही. बंदीचा हाच तर फायदा असतो. आधी खेळू द्यायचं नाही, मग विचारायचं की तुमच्यात चांगल्या खेळाडू आहेत कुठे? शेवटच्या आलेल्या त्या गाडीकडे बघून हसणाऱ्यांनी ही मधली वर्षं वजा करून बघावीत.

हिशोब अजून पुरता मिटलेला नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बायकांना दुसरी शर्यत मिळाली, पण ती मोनोबॉब, म्हणजे एकटीची गाडी. एकटीनं ढकला, एकटीनं चालवा, एकटीनं ब्रेक लावा. सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या, त्यामुळे कमी पैशांतल्या देशांनाही येता येतं हे खरं. ती हम्फ्रीजनंच जिंकली, तेव्हा अमेरिकेकडून खेळत होती, तब्बल १.५४ सेकंदांनी. मायर्स टेलर दुसरी. पण पुरुषांची मोठी गाडी चार जणांची, आणि बायकांची वाढीव गाडी एकटीची, हे गणित मला काही पटलं नाही.

असो. ड्यूई आजोबांच्या पद्धतीत बर्फावरच्या खेळांना ७९६.९ हा नंबर आहे. म्हणजे नात ज्या खेळात जिंकली त्याला कपाटात जागा आजोबांनीच करून ठेवली होती. नातीला मात्र मिळाली नाही.

आमची पुस्तकं शेवटी उंचीप्रमाणेच लागली. बायकोनं लावली. बरी दिसतायत.