बाई बदलल्या की

जून उजाडला की नाशिकमध्ये घरोघर एक प्रश्न निघतो: यंदा वर्गावर कोण बाई आल्या? बहुतेक घरांत तो नुसता कुतूहलाचा असतो. ज्या घरात बौद्धिक अपंगत्व असलेले मूल आहे, तिथे मात्र तो धास्तीचा असतो. घंटा वाजली की हे मूल कानांवर हात का ठेवते, तहान लागली की कोणती खूण करते, घास घेताना कोणत्या कोपराला आधार द्यावा लागतो, हे कळायला बाईंना महिनेच्या महिने लागतात. ते कुठल्या क्रमिक पुस्तकात नसते. बाई नोकरी सोडून गेल्या की ही सारी माहिती त्यांच्याबरोबर जाते आणि मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येते. आईबाप चिडतात. त्यांचे चिडणे रास्तच आहे. पण या चिडण्याला एक इतिहास आहे, तो थोडा पाहू या.

३ मार्च १८८७ रोजी अमेरिकेत अ‍ॅन सलिव्हन नावाची २० वर्षांची मुलगी हेलन केलरच्या घरी शिकवायला आली. हेलन तेव्हा सात वर्षांचीही नव्हती. हातावर पाण्याची धार पडली आणि शब्द उमगला, ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. ही बाई १९३६ साली वारली, तोवर तिने हेलनची साथ सोडली नाही. ४९ वर्षे! मला तरी पाण्याच्या धारेपेक्षा हा मुक्काम मोठा वाटतो. अर्थात एका मुलीला एक बाई, हा थाट चार घरांना परवडणारा नव्हे, हेही खरे.

आपल्याकडे अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा आधी निघाल्या, त्या बहुतांशी मिशनऱ्यांच्या. अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांची शाळा काढली. मंदबुद्धी म्हणून ज्यांना बाजूला बसवले जाई, त्या मुलांची पाळी फार उशिरा आली. आणि ती कोणी आणली, ते पाहण्यासारखे आहे. १९४४ साली मुंबईत वकील दांपत्याने शाळा सुरू केली ती आपल्या मुलीसाठी. तीच आजची जय वकील शाळा. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटीचा पाया घातला, तोही मुलीसाठीच. त्यासाठी त्या स्वतः इंग्लंडला जाऊन हे शिक्षणशास्त्र शिकल्या होत्या. आणि १९७७ साली आमच्या नाशिकात रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर काढले. त्यांचा मुलगा अशाच मुलांपैकी एक होता. पुढे मुले मोठी झाली, त्यांच्या हातांना काम हवे, म्हणून कार्यशाळाही उभी राहिली.

तिन्ही ठिकाणी आईबापच! योगायोग म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. ज्यांची बदली होत नाही, ज्यांना राजीनामा देता येत नाही, अशी माणसे या मुलांच्या भोवती तेवढीच होती. पण म्हणून प्रत्येक आईने शाळाच काढायची, हा काही न्याय नव्हे. आंब्याच्या पेटीसाठी कोणी आपण होऊन आमराई लावत नाही. मग बाकीच्यांनी काय करायचे?

सरकारने काही केलेच नाही, असे म्हणता येत नाही. अपंग मुलांना साध्या शाळेत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ ची आहे. १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने विशेष शिक्षकाला रीतसर शिक्षण आणि नोंदणी सक्तीची केली. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा आला, २०१६ साली त्याहून विस्तृत असा दुसरा आला. मतिमंद, अपंग, दिव्यांग असे शब्दही बदलत गेले. बाई मात्र कराराच्याच राहिल्या! सर्व शिक्षा अभियानात आणि पुढे समग्र शिक्षेत हे शिक्षक मुदतीच्या करारावर नेमले गेले. मानधन तुटपुंजे, अनेक शाळांमधून फिरायचे. पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या पाड्यावर आज गेलेली बाई पुन्हा केव्हा येणार, हे त्या आईने कोणाला विचारायचे? अशा बाईंना दुसरीकडे कायमची नोकरी मिळाली तर त्यांनी ती का नाकारावी? त्यांनाही घर आहे, त्यांचीही मुले आहेत. आईबापांचा राग समोरच्या बाईंवर निघतो, तो चुकीच्या पत्त्यावर पडतो एवढेच.

अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व राज्यांना पुन्हा बजावले, की किती पदे लागतात ते जाहीर करा आणि ती रीतसर भरा.

तोवर नाशिकमधल्या काही आयांनी आपल्यापुरती सोय केलेली आहे. एका साध्या वहीत मुलाच्या खुणा, त्याची भीती, त्याची आवडती वाटी, त्याला येणारे दहा शब्द, सगळे तारखेसह लिहून ठेवायचे आणि जूनमध्ये ती वही नव्या बाईंच्या हातात द्यायची.