गिरणीतला ‘लेबर ऑफिसर’ : पगार मालकाचा, भरवसा कामगाराचा

‘एचआर आपला की कंपनीचा?’ हा प्रश्न आजच्या प्रत्येक कार्यालयात दबक्या आवाजात विचारला जातो. प्रश्न मात्र आजचा नाही. काचेच्या इमारती उभ्या राहण्यापूर्वी, परळ-लालबागच्या धुरांड्यांच्या काळात, तो तितक्याच तीव्रतेने विचारला गेला होता. आजचा धागा त्या प्रश्नाच्या जन्मकथेचा.

मुंबईच्या कापडगिरणीत माणूस कामाला लागे तो जॉबरच्या हातून. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला तरुण थेट साहेबापर्यंत कधीच पोहोचत नसे. गावचा, नात्याचा किंवा ओळखीचा जॉबर त्याला खात्यात उभा करी. भरती त्याची, देखरेख त्याची, रजा त्याच्या मर्जीवर आणि हकालपट्टीही बहुधा त्याच्याच शब्दावर. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी.

या सत्तेला किंमत होती आणि तिला नाव होते दस्तुरी. काम मिळाले की दस्तुरी, रजेवरून परतले की दस्तुरी. अनेक जॉबर व्याजाने पैसेही देत, राहायला खोली मिळवून देत. जॉबर म्हणजे केवळ खलपुरुष होता असे मानणे सोपे आहे, पण चुकीचे. अनोळखी शहरात नवख्या माणसाला तोच आसरा होता. अडचण अशी की उपकार आणि पिळवणूक एकाच हातातून येत होती आणि त्या हाताविरुद्ध दाद मागायला दुसरे दार नव्हते.

भरती ओळखीतून होई, म्हणून जातही गिरणीत शिरली. विणकाम खात्यात मजुरी अधिक. पण अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नसे. कारण सांगितले जाई ते असे : कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागते, त्यामुळे विटाळ होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हा अन्याय ठामपणे मांडला. कोणाला कोणत्या खात्यात घ्यायचे हा वरवर कारभाराचा प्रश्न. त्याच्या तळाशी माणुसकीचा प्रश्न होता.

१९२८ चा तो संप सुमारे सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार त्यात होते. १९२९ मध्ये पुन्हा संप. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीविषयी शाही आयोग नेमला. सदस्यांत एक मराठी नाव होते : ना. म. जोशी. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे आणि कामगार चळवळीच्या पहिल्या पिढीतील नेते.

आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये आला. जॉबरची सत्ता मोडायची असेल तर कारखान्यात एक स्वतंत्र अधिकारी हवा, असे त्याने सांगितले. हा लेबर ऑफिसर. त्याच्यावर फक्त मुख्य व्यवस्थापकाचा अधिकार चालावा. खातेप्रमुखांशी बोलून भरती त्याने स्वतः करावी. त्याच्या संमतीवाचून कोणाला कमी करू नये. व्यवस्थापकाला तसे करायचेच असेल, तर आधी या अधिकाऱ्याचे म्हणणे ऐकावे.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. इंग्लंडमध्ये यॉर्क येथील राउनट्री यांच्या चॉकलेटच्या कारखान्यात १८९६ मध्ये मेरी वुड नावाच्या बाईंची कामगार-कल्याणासाठी नेमणूक झाली होती. परंतु यॉर्कच्या कारखान्यात जॉबर नव्हता. मुंबईत या अधिकाऱ्याला एका प्रस्थापित सत्तेच्या जागी बसायचे होते.

असा माणूस कसा असावा? आयोगाने गुणांची छोटीशी यादी दिली आणि तिच्या आरंभी ठेवली सचोटी. पुढे व्यक्तिमत्त्व, उत्साह, माणसे ओळखण्याची हातोटी आणि कामगारांच्या भाषा येणे. अधिकारी योग्य असेल तर कामगार लवकरच त्याला आपला मित्र मानू लागतील, अशी आयोगाची अपेक्षा होती. शेवटचा गुण किरकोळ वाटेल, पण तो मोलाचा आहे. ज्याला कामगाराची बोली कळत नाही, त्याला तक्रार दुभाष्याकरवी ऐकावी लागणार; आणि गिरणीत दुभाषा कोण? बहुतेक वेळा जॉबरच.

ही यादी वाचताना एक गोष्ट नजरेतून निसटू देऊ नये. आयोगाने केवळ सचोटीवर भिस्त ठेवली नाही. तिच्या जोडीला अधिकार दिला आणि हा अधिकारी कोणाच्या हाताखाली असू नये हेही सांगितले. चांगला माणूस खातेप्रमुखाच्या मुठीत ठेवला, तर त्याचा चांगुलपणा दुपारपर्यंतही टिकणार नाही, एवढे भान त्या शिफारशीत आहे. हेच त्या मजकुराचे खरे शहाणपण.

१९३४ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत पुन्हा मोठा संप झाला आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांत समेट घडवण्यासाठी कायदा केला. त्यानुसार सरकारी लेबर ऑफिसर आला. कामगारांची गाऱ्हाणी समजून घेणे, ती दूर करवून घेणे आणि समेटाच्या कामकाजात त्यांची बाजू मांडणे हे त्याचे काम. गिरणी मालक संघानेही आपला वेगळा लेबर ऑफिसर नेमला. हळूहळू काही गिरण्यांनी स्वतःचे अधिकारी ठेवले.

आता एकाच पदनामाचे निरनिराळे लोक गिरणगावात वावरू लागले. एकाचा पगार सरकारी तिजोरीतून, दुसऱ्याचा मालकांच्या खजिन्यातून. कामगाराने कोणापाशी मन मोकळे करावे? लढाऊ संघटनांना तर या पदाचाच संशय होता. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनी निवडायचा की सरकारने नेमायचा, हा त्यांचा सवाल रास्त होता. अधिकारी मनाने कितीही स्वच्छ असो, युनियनला वगळून तक्रार ऐकली की तो युनियन फोडण्याचे साधन ठरू शकत होता. दुसरीकडे जॉबरला तो आपल्या पोटावर पाय देणारा वाटे, आणि खात्यातल्या अधिकाऱ्यांना कामात लुडबूड करणारा.

१९३५ मध्ये बदली कामगारांसाठी कार्डांची पद्धत आली. नोंद झालेल्या बदलीने रोज सकाळी गिरणीवर हजर व्हायचे आणि रिकाम्या जागांवर कार्डधारकांनाच घ्यायचे, असा तिचा गाभा. दस्तुरीला आळा घालणे हा तिचा एक हेतू होता. कागदावर भरती जॉबरच्या हातून निसटली. प्रत्यक्षात कोण हुशार, कोण आळशी हे अजूनही जॉबरच सांगत होता आणि त्याचा शब्द डावलणे अवघड होते. व्यवस्था एका परिपत्रकाने बदलत नाहीत.

दरम्यान १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. नागपाड्यातील वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. कामगार-कल्याणाचे शिक्षण येथे मिळू लागले. म्हणजे ज्या विद्याशाखेला पुढे ‘एचआर’ म्हटले गेले, तिचे आपल्याकडील एक मूळ व्यापारशिक्षणात नसून समाजकार्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याची कर्तव्ये, पात्रता आणि सेवाशर्ती ठरवण्याचे काम राज्यांकडे दिले. कलम ४९ कोरडे आहे. पण त्याखालील नियम वाचण्यासारखे आहेत. अनेक राज्यांच्या नियमांनुसार या अधिकाऱ्याने कामगारावरील शिस्तभंगाची प्रकरणे हाताळायची नाहीत, आणि कामगाराविरुद्ध व्यवस्थापनाच्या वतीने न्यायालयात किंवा न्यायाधिकरणापुढे उभे राहायचे नाही. काही राज्यांत तर सरकारी अधिकाऱ्याच्या संमतीवाचून त्याला नोकरीतून काढता येत नाही, अशी तरतूद झाली.

सकाळी ज्याच्या खांद्यावर हात ठेवून घरची अडचण विचारायची, दुपारी त्यालाच आरोपपत्र द्यायचे, या दुटप्पी जिण्यातून त्या अधिकाऱ्याला सोडवण्याचा हा प्रयत्न होता. खरे वागण्याची हिंमत प्रत्येकात असते असे कायद्याने गृहीत धरले नाही. खरे वागल्याची शिक्षा कमी केली.

व्यवहारात ही भिंत फार काळ उभी राहिली नाही. कारखान्यांत ‘पर्सोनेल’ विभाग वाढले आणि बऱ्याच ठिकाणी कल्याण, भरती, शिस्त, युनियनशी वाटाघाटी हे सारे एकाच टेबलावर आले. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ च्या अहवालात हे नोंदवले : कल्याणाचे काम आणि पर्सोनेलचे काम यांतील सीमारेषा जवळजवळ पुसली गेली आहे. तरीही व्यवस्थापनाच्या बाजूने तंटे लढवण्याचे काम कल्याण अधिकाऱ्याला सांगू नये, असे आयोगाने बजावले.

पुढचे टप्पे नावांचे आहेत. १९७० च्या दशकाच्या मध्यास लार्सन अँड टुब्रोमध्ये उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग आकारास आला आणि नवी परिभाषा देशभर पसरली. कामगार ‘संसाधन’ झाला. नव्या नावात विकास होता, प्रशिक्षण होते. कामगाराविरुद्ध उभे न राहण्याची जुनी अट मात्र नव्हती. ती कारखान्यांच्या नियमांतच राहिली, आणि कार्यालयांत बसणाऱ्या लाखो पांढरपेशा नोकरदारांना ती कधी लागूच झाली नाही.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कल्याण अधिकाऱ्यासाठी कारखान्यातील कामगारसंख्येची मर्यादा ५०० वरून २५० वर आणली आहे.