दंडाच्या पट्ट्याची कुळकथा

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हा दंडाला पट्टा बांधून बीपी बघायची सोय जगात कुठेच नव्हती. बहुतेक डॉक्टर नाडी बोटाला कठीण लागते की मऊ, यावरूनच अंदाज बांधत. पट्टा आला त्यानंतर दोन वर्षांनी, इटलीतल्या तुरिन शहरात.

त्याचं मूळ मात्र एका घोडीपाशी सापडतं. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांच्याही वर चढलं आणि ठोक्यागणिक वरखाली होत राहिलं. १७३३ साली त्याने हे छापलं. पुढे १८२८ मध्ये प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने मोजायला पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, त्यामुळे आठ फुटांची नळी वीतभर झाली. आपले आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात ते तेव्हापासून. पण धमनी उघडावी लागायचीच.

तुरिनच्या डॉ. रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये उलटी वाट धरली. रक्त बाहेर काढायचं नाही, बाहेरून दाबून अडवायचं. दंडाभोवती रबरी पट्टा, त्यात हवा भरायची आणि मनगटाची नाडी कधी लागेनाशी होते ते बघायचं. यातून फक्त वरचा आकडा मिळे. त्यांचा पट्टा अरुंदही होता. अरुंद पट्ट्याने रक्त अडवायला जास्त दाब द्यावा लागतो आणि आकडा खोटाच चढतो. १९०१ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी पट्टा दुपटीहून रुंद केला. खालचा आकडा दिला तो निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यचिकित्सकाने, १९०५ साली. पट्ट्याखाली कोपराशी स्टेथोस्कोप ठेवून तो हळूहळू हवा सोडत गेला. आधी पूर्ण शांतता, मग ठक ठक असा आवाज, मग पुन्हा शांतता. आवाज सुरू झाला तो वरचा आकडा, थांबला तो खालचा. या शोधाचं टिपण पानभरही नव्हतं.

पट्टा मोजतो तो दाब शरीर मात्र क्षणोक्षणी बदलत असतं. खुरपणीला बसलेली बाई झटकन उठली की रक्त पायांकडे ओढलं जातं, दाब घसरतो. मानेतल्या धमनीच्या फाट्याशी आणि महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणाऱ्या चेता असतात. त्यांची वर्दी मेंदूला पोचते, ठोके वाढतात, बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि काही सेकंदांत सगळं सावरतं. लांब पल्ल्याचं काम मूत्रपिंडांचं: मीठ-पाणी किती राखायचं, किती सोडायचं. दाब उतरला की ती रेनिन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन बनतं, वाहिन्या आवळतात, मीठ अंगात राहतं. भडंग, पापड, लोणचं रोजचंच असेल तर मूत्रपिंडांचं काम वाढतं. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला, तर मानेतल्या चेता त्या चढ्या पातळीलाच नेहमीची मानून तीच राखू लागतात. वर जाणवत काहीच नाही. ‘मला कुठं काय होतंय, मग गोळी कशाला?’ हे वाक्य मला म्हणूनच फार घातक वाटतं.

देशाची उच्च रक्तदाब नियंत्रण मोहीम सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. या मोहिमेत पाऱ्याच्या जागी डिजिटल यंत्र आलं आहे. ते ठक ठक ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजून दोन्ही आकडे काढतं. रिव्हा-रोचींची जुनी अडचण मात्र त्यालाही चुकलेली नाही. पैलवान खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून सांगलीच्या तालमींपर्यंत जोर-बैठकांनी भरलेले दंड या मुलखात कमी नाहीत. अशा दंडाला नेहमीचा पट्टा अपुरा पडतो आणि धडधाकट माणसाचा आकडा उच्च रक्तदाबाच्या १४०/९० या रेषेच्या वर दिसू शकतो. एसटीतून उतरून धावतपळत आलेल्याचंही तेच. पाच मिनिटं पाठ टेकून, गप्प, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून बसायचं आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं, हा मोजणीचाच भाग आहे. पट्टा दंडाला करकचून बसत असेल, तर आरोग्यसेविकेला निःसंकोच विचारावं, ‘ताई, मोठा पट्टा आहे का?’