कोलोनचें महामंदिर व त्याचीं रेखाचित्रें

देऊळ दगडांत उभें राहण्यापूर्वीं रेखांत उभें राहतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शतकानुशतकें अपुरें राहिलेलें देऊळ रेखाचित्रांच्या बळावर पुरें झालें, असें उदाहरण विरळा. जर्मनींतील कोलोन शहराच्या महामंदिराची ही हकीकत ज्युबिलीच्या या प्रसंगीं वाचकांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

या मंदिराचा पाया इ. स. १२४८ सालीं, १५ ऑगस्ट रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं घातला गेला. १३२२ सालीं वेदीकडील भागाचा अभिषेक झाला. पण १५६० च्या सुमारास काम थांबलें. पुढें तीन शतकें अर्धवट मनोऱ्यावर जुनी लांकडी यारी तेवढी उभी होती. दर्शनी बाजूचा मूळ नकाशा चर्मपत्रावर काढलेला, सुमारें १३ फूट उंच होता. १७९४ सालीं फ्रेंच सैन्य आलें; त्या धामधुमींत तोहि नाहींसा झाला.

१८०८ सालीं सुल्पित्स ब्वासरे या कोलोनच्या व्यापारीपुत्रानें मंदिराचीं मापें घेण्यास आरंभ केला. कुशल चित्रकारांकडून त्यानें मंदिर आहे तसें, व पुरें झाल्यावर दिसेल तसें, काढविलें. ईश्वरकृपेनें मूळ चर्मपत्राचा एक भाग १८१४ सालीं डार्मस्टाट येथें व दुसरा १८१६ सालीं पॅरिसमध्यें सांपडला. १८२१ पासून ब्वासरेचीं चित्रें छापून प्रसिद्ध होऊं लागलीं. जें कोणीं पाहिलें नव्हतें तें डोळ्यांपुढें आलें, आणि लोकांच्या मनांत बांधण्याची इच्छा जागी झाली.

१८४२ सालीं प्रशियाच्या राजानें, स्वतः प्रॉटेस्टंट असूनहि, नव्या कामाचा दगड बसविला. कॅथोलिक व प्रॉटेस्टंट दोघांनींहि वर्गणी दिली. १८८० सालीं मूळ नकाशास अनुसरून ५१५ फूट उंचीचे मनोरे पुरे झाले. त्या समारंभीं आर्चबिशप मेल्खर्स मात्र नव्हते. सरकार व धर्मसभा यांच्या झगड्यांत ते परदेशीं निर्वासित होते. ब्वासरेहि १८५४ सालींच निवर्तला होता.

ज्यानें रेखा काढिली त्यानें कळस पाहिला नाहीं. पण त्याची रेखा जपली गेली म्हणून कळस चढला. यास्तव आमच्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांस विनंति, कीं देवळाचे जुने नकाशे व चित्रें घरच्या पेट्यांत असल्यास त्यांस वाळवी लागूं देऊं नये. आपल्या मागून येणाऱ्यांचा तो ठेवा आहे.