स्ट्रासबर्गच्या दोन आगी

श्रोतेहो, आज आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानाचे, शाळेचे किंवा संस्थेचे संकेतस्थळ असते. ते काही हवेत तरंगत नसते. कोठल्या तरी गावी, कोणाच्या तरी इमारतीत, अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांवर ते ठेवलेले असते. ही जागा भाड्याने देण्याच्या धंद्याला वेब होस्टिंग म्हणतात. हा धंदा करणाऱ्यांपैकी भरवशाचा कोण, हे ओळखावे कसे? फ्रान्समधील स्ट्रासबर्ग या नगराच्या इतिहासाने याचे उत्तर दोनदा दिले आहे.

२४ ऑगस्ट १८७० च्या रात्री वेढा घालून बसलेल्या जर्मन फौजांनी या नगरावर तोफा डागल्या आणि तेथील ग्रंथालय जळाले. हजारो हस्तलिखितांबरोबर, हेराड नावाच्या मठाध्यक्षेने बाराव्या शतकात सिद्ध केलेला ‘होर्टुस डेलिसियारुम’ हा सचित्र ज्ञानकोशही नष्ट झाला. तरीही अभ्यासकांना तो आज ठाऊक आहे. एंगेलहार्ट या विद्वानाने त्यातील कित्येक चित्रांच्या नकला १८१८ मध्येच प्रसिद्ध केल्या होत्या. इतरांनीही काही नकला करून ठेवल्या होत्या. मूळ ग्रंथ गेला, पण अन्यत्र असलेल्या नकला राहिल्या.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, त्याच नगरात ओव्हीएच या फ्रेंच कंपनीच्या यंत्रगृहाला आग लागली. एक पाचमजली इमारत बेचिराख झाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग जळाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. परंतु नेटक्राफ्ट या संस्थेच्या मोजणीप्रमाणे सुमारे ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. कंपनी लहानसहान नव्हती. युरोपात तिचे मोठे नाव होते. तरीही ज्यांनी दुसरी प्रत दुसरीकडे ठेवली होती, तेच लवकर सावरले. एका ग्राहकाने सुरक्षित प्रतीसाठी वेगळा करार केला होता. पण ती प्रतही मूळ यंत्राच्याच जागी ठेवलेली होती आणि मुळाबरोबर तीही जळाली! २०२३ मध्ये लील येथील व्यापारी न्यायालयाने त्याला भरपाई देवविली खरी. पण पैसे मिळाले म्हणून गेलेली माहिती थोडीच परत येते?

तात्पर्य, नाव आणि भाडे यांवर भुलू नये. कंपनीला स्पष्ट विचारावे : आमची दुसरी प्रत कोणत्या गावी राहील? ती किती दिवसांनी घेतली जाते? तिच्यावरून सारे पुन्हा उभे राहते, हे कधी करून पाहिले आहे काय? उत्तरे करारात लिहून घ्यावीत. आणि एवढे करूनही एक प्रत आपल्या घरी, आपल्या हाती ठेवावी. एंगेलहार्टने केले ते याहून निराळे नव्हते.