सपाट काच, वाकड्या रेषा

ट्यूबच्या टीव्हीचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येतं. फुगीर काचेवर चित्र वाकडं दिसायचं. 'फ्लॅट' आला आणि चित्र सरळ झालं. बोलणारा एलसीडीबद्दल बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे असतो एलसीडीच्या आधीचा टीव्ही, मागे दीड फूट खोल, उचलायला दोघं-तिघं लागणारा, पण समोरून तंतोतंत सपाट. दोन हजार सालाच्या आगेमागे आपल्याकडच्या मध्यमवर्गीय हॉलमध्ये तो आला आणि दहा-बारा वर्षं मानाने राहिला. दुकानांत 'ट्रू फ्लॅट', 'प्युअर फ्लॅट' अशा पाट्या लागायच्या आणि गिऱ्हाईक काचेवरून हात फिरवून खात्री करून घ्यायचं.

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो: काच सपाट असल्याने सरळ रेषा सरळ दिसतात, दिव्याचं-खिडकीचं प्रतिबिंब कमी पडतं, बाजूच्या खुर्चीवरूनही चित्र नीट दिसतं, डोळ्यांना त्रास होत नाही. यातला दुसरा आणि तिसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिला मान्य नाही, आणि चौथ्याचा तर काचेच्या आकाराशी संबंधच नाही.

पहिल्यापासून सुरुवात करू. ट्यूबच्या मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉन गन असते. तिच्यातून निघालेला झोत मानेवर बसवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांमुळे, म्हणजे मेकॅनिक ज्याला योक म्हणतात त्यामुळे, वळतो आणि पडद्यावर ओळीमागून ओळ काढत जातो. आपल्या पाल पद्धतीत एका चित्राला ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. आता अंधाऱ्या खोलीत भिंतीसमोर उभं राहून टॉर्च फिरवून पाहा. समोर प्रकाशाचा गोल पडतो. कोपऱ्याकडे नेला की तो लांबुळका होतो, आणि मनगट तेवढंच वळवलं तरी ठिपका जास्त अंतर कापतो. भिंत तुमच्याभोवती गोल असती तर असं झालं नसतं. जुन्या ट्यूबचा पडदा आपल्या बाजूने फुगीर होता, म्हणजे गनच्या बाजूने खोलगट. तो त्या गोल भिंतीचाच एक तुकडा होता. पुरेपूर नाही, कारण फुगवटा पिढीगणिक कमी होत गेला होता, पण गनला सोयीची बाजू तीच होती.

आकड्यांत पाहू. २९ इंची संचात दिसणारा कर्ण सुमारे ६८ सेंटिमीटर. मोठ्या ट्यूबांमध्ये झोत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साधारण ११० अंशांत फिरतो. पडदा सपाट धरला तर झोत जिथे वळतो तिथून पडद्याचा मध्य भरतो सुमारे २४ सेंटिमीटरवर आणि कोपरा ४१-४२ सेंटिमीटरवर. म्हणजे कोपरा पावणेदोन पट लांब! जसं आहे तसं सोडलं तर चारही कोपरे बाहेर ओढले जातात, कडा मधोमध आत दबतात, कोपऱ्यातला ठिपका पसरतो आणि लाल, हिरवा, निळा हे तीन झोत एकमेकांवर नीट बसत नाहीत. यातला प्रत्येक दोष फुगीर ट्यूबमध्येही होता, पण सौम्य. काच सपाट केल्यावर तो वाढला आणि त्याला आवरण्याचं काम सर्किटवर आलं: कडांची दुरुस्ती वेगळी, कोपऱ्यांत फोकस बदलत नेणं वेगळं.

मालकांना हे दिसत होतं. नेमकं कुठे दिसायचं, तर बातम्यांच्या वाहिन्यांवर. चोवीस तास बातम्यांचा जमाना आणि फ्लॅट टीव्हीचा जमाना आपल्याकडे बरोबरीने आला, आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी मजकुराची पट्टी ही आपोआप घरोघरची मोजपट्टी झाली. अक्षरं उजव्या कोपऱ्यातून जरा खालून यायची, मध्यावर किंचित चढायची, डावीकडे पुन्हा उतरायची. दुरुस्ती जास्त झाली असेल तर याच्या उलट. क्रिकेटच्या स्कोअरची चौकट कोपऱ्यात असली की तिच्या पांढऱ्या आकड्यांना एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने निळसर कड. सिनेमा बघताना यातलं काही जाणवत नाही. माणसाच्या चेहऱ्याला आणि झाडाला सरळ रेष नसते. पट्टीला असते.

आमच्या घरच्या संचाबाबत तक्रार केली तेव्हा कंपनीचा माणूस सर्व्हिसचा रिमोट घेऊन आला. त्याने गुप्त मेनू उघडला, पडद्यावर पांढऱ्या रेघांची चौकडी आणली आणि एकेक आकडा वरखाली करू लागला. डावी कड सरळ झाली की उजवी आत जायची. वरची पट्टी सपाट झाली की खालची वाकायची. शेवटी तो म्हणाला, "साहेब, फ्लॅटमध्ये एवढं चालतंच." गिऱ्हाइकाला हे कारण काढता पाय घेण्यासाठीचं वाटतं. पण त्या माणसाचं बोलणं जाहिरातीपेक्षा खरं होतं, कारण सगळ्या कडा सारख्या सरळ करण्याइतक्या कळा त्या मेनूत नव्हत्याच.

हीच गोष्ट टीव्ही एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे हलवल्यावर सगळं चित्र एका अंगाला कलतं तिची. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा झोताला ढकलतं, आणि संचाचं तोंड फिरलं की ढकलण्याची दिशा बदलते. म्हणून मोठ्या फ्लॅट संचांच्या मेनूत चित्र फिरवून सरळ करण्याची सोय दिलेली असायची. ज्यांनी ती कधी उघडली नाही ते वर्षानुवर्षं तिरकं क्षितिज बघत राहिले. मात्र सगळेच दोष सपाटपणाच्या माथी मारू नयेत. सोनीच्या ट्रिनिट्रॉनमध्ये पडद्यावर आडवी, केसासारखी एक किंवा दोन बारीक सावली दिसते. ती आतल्या ताणलेल्या तारांच्या जाळीला आधार देणाऱ्या आडव्या तारेची. १९६८ साली आलेल्या मूळ ट्रिनिट्रॉनपासूनची ती खूण आहे, फ्लॅट नंतर आला.

काचेचं वजन हाही याच हिशेबातला भाग. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते आणि बाहेरून हवा दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाबत असते. २९ इंची पडद्याच्या तोंडावर हा दाब दोन टनांच्या वर जातो. घुमट तो दाब अंगावर पसरवून घेतो. सपाट काच वाकू पाहते, म्हणून ती जाड करावी लागते. कित्येक 'फ्लॅट' ट्यूब बाहेरूनच सपाट असायच्या. आतली बाजू, जिथे चित्र खरोखर उमटतं, ती गोलसर ठेवलेली असायची. कडेला काच जास्त जाड झाल्यामुळे कोपऱ्यांत उजेड कमी पडायचा. म्हणजे गिऱ्हाइकाने हात फिरवला त्या काचेवर. चित्र होतं तिच्या मागे, थोड्या वेगळ्या आकाराच्या पृष्ठभागावर. ज्या ट्यूब आतूनही सपाट होत्या त्यांत पहिले काही दिवस चित्र आत खचल्यासारखं वाटायचं. जाड काचेतून प्रकाश वाकून येतो आणि डोळ्यांना फुगवट्याची सवय झालेली असते. लोक हे शेजाऱ्यांना सांगायचे, आठवड्याने विसरायचे.

डोळ्यांच्या त्रासाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. त्रास होत असे तो चित्राच्या लुकलुकण्याने, आणि ते सेकंदाला ५० वेळा होत असे, काच गोल असो की सपाट. काही महाग संच चित्र साठवून ते १०० वेळा दाखवायचे, तिथे फरक पडायचा. योगायोग असा की ते संचही बहुधा फ्लॅटच असायचे.

या योगायोगातच सार्वत्रिक समजाचं मूळ आहे. ज्याने फ्लॅट घेतला त्याने तुलना कशाशी केली? आपल्याच घरातल्या दहा-पंधरा वर्षं चाललेल्या २० किंवा २१ इंची संचाशी, ज्याची ट्यूब वीक झालेली, रंग उतरलेले, सकाळी चित्र यायला मिनिटभर लागणारं. नव्या संचात पडदा मोठा, ट्यूब ताजी, रंग वेगळे करणारं सर्किट सुधारलेलं, डीव्हीडी जोडायला वेगळी जागा. इतक्या गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? जे हाताला लागतं त्याला. त्याच वर्षीचा नवा फुगीर संच शेजारी ठेवून पट्टी बघितली असती तर निकाल वेगळा लागला असता. पण दुकानात फुगीर संच खालच्या फळीवर आणि फ्लॅट डोळ्यांसमोर.

मग सपाट ट्यूबने काहीच दिलं नाही का? दिलं. फुगीर काच सगळ्या खोलीचा उजेड गोळा करते: खिडकी, ट्यूबलाइट, स्वयंपाकघराचं दार, सगळं लहान होऊन पडद्यावर हजर. सपाट काचेत फक्त बरोबर कोनातली वस्तू दिसते; टीव्ही चार बोटं फिरवला की ती जाते. आपल्याकडे दिवाणखान्यात दिवा बंद करून टीव्ही पाहण्याची पद्धत नाही, त्यामुळे हा फायदा आपल्याला मोठा झाला. भिंतीकडेच्या खुर्चीतल्या माणसालाही पलीकडची कड दिसू लागली. आणि पावणेदोन पट लांबचा कोपरा इतपत ताळ्यावर आणणं ही अभियंत्यांची कमाई होतीच, तिला नाकारायचं कारण नाही. ती काचेची कमाई नव्हती इतकंच.

२००५ च्या सुमारास ट्यूबची खोलीही कमी करायचा शेवटचा प्रयत्न झाला. झोताचा कोन १२५ अंशांवर नेला. आता कोपरा मध्यापेक्षा दुपटीहून लांब, आणि पट्टी ढोबळ नजरेलाही वाकलेली दिसू लागली. तोवर एलसीडी आलाच होता. त्यात प्रत्येक ठिपक्याची जागा कारखान्यातच ठरलेली असते, झोत नाही की योक नाही, रेष वाकायला वावच नाही. सपाट म्हणजे सरळ हे समीकरण त्याच्याबाबतीत खरं आहे, आणि ते आपण मागे जाऊन ट्यूबला चिकटवलं आहे.

जुने व्हिडिओ गेम खेळायला किंवा घरच्या लग्नाच्या कॅसेट बघायला आजही कुणी ट्यूबचा टीव्ही शोधत असतं. त्याने विकणाऱ्याला फ्लॅट आहे का हे विचारू नये. चौकटीची रेघ दाखवणारं चित्र लावावं, चारही कोपरे बघावेत, मग संच नव्वद अंश फिरवून पुन्हा बघावेत. फुगीर काचेचा चांगला संच मिळाला तर बेलाशक घ्यावा. तो बहुधा स्वस्तही मिळेल.